मासिकातला फोटो आणि घरभाडं

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. मासिकांसाठी फोटो काढायचे, फोटो-जर्नालिस्ट व्हायचं म्हणते. लाखभराचा कॅमेरा मागतेय. तुम्हाला पुरस्कार मिळाले, पण यात पोट भरतं का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, पोटाचं आधी. पुरस्काराच्या पैशांत घरी फ्रीज आला, बस. भाडं भागलं ते मे महिन्यातल्या लग्नांच्या फोटोंवर. (हे आम्ही सत्काराच्या भाषणात सांगत नाही.)

लाखाचा कॅमेरा सध्या नको. जुना चालेल, पन्नास एमएमची एकच लेन्स. झूम नसली की चालत जवळ जावं लागतं. माझ्या वेळी रोलमध्ये 36 फोटो. दादरच्या फुलबाजारात उजाडायच्या आत तिसेक उडवून बसायचो, मग उरलेले सहा जपून काढायचो. संपादक उचलायचे ते बहुधा त्या सहांतलेच.

पुरस्काराचा फोटो लालबागच्या चाळीतला. 1982च्या संपात काम गेलेले एक गिरणी कामगार, हातात गिरणीचा पास. चार रविवार नुसता चहा पिऊन परतलो. पाचव्या रविवारी काकांनी आपणहून ट्रंक उघडली. छापून आलं तेव्हा फोटोओळीत त्यांचं आडनाव चुकलेलं. चूक माझीच, वहीत लिहिलंच नव्हतं. पुरस्काराचे पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "आडनाव तरी नीट छापायचंत." तेव्हा कॅमेऱ्याआधी मुलीला खिशात मावेल अशी वही द्या. नाव, वय, गाव जागच्या जागी लिहायचं, समोरच्याला वाचून दाखवायचं.

तिचं स्वतःचं नावही छापून यायला हवं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला फोटो-जर्नालिस्ट, पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले गेले. हक्कांचंही बघा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत काढलेल्या फोटोंचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा फोटोग्राफरचा. बाहेरून कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून काम घेण्याआधी दोन ओळी लिहून घ्यायच्या. मी घेतल्या नाहीत. एका मासिकाकडे राहिलेल्या माझ्या निगेटिव्ह ऑफिस हलवताना रद्दीत गेल्या.

सुरुवात दादरलाच करू दे, पहाटेच्या लोकलने. हमालाच्या वाटेत उभी राहिली तर पाटीचा धक्का बसेल. बसू दे.