'अवकल समावेशन' की 'अवकल समावेश'?

प्रश्न असा आलाय: गणितावर मराठीतून व्याख्यान द्यायचे आहे, तर 'डिफरन्शियल इन्क्लुजन'ला 'अवकल समावेशन' म्हणावे का? 'इम्पल्सिव्ह', म्हणजे मधूनच धक्के बसणाऱ्या, प्रणालीला 'आवेगी' चालेल का? आणि 'उकलीचे (सोल्यूशनचे) अस्तित्व' फार जड वाटते, त्याचे काय?

'समावेशन' मी टाळेन. त्यात कुणीतरी कुणाला सामावून घेतल्याची क्रिया आहे, जसे आर्थिक समावेशन. इथे कुणी कुणाला आत घेत नाही. अवकल समीकरण सांगते, बदलाचा दर अमुकच. इथे म्हणणे एवढेच, की तो दर अमुक संचात कुठेतरी आहे. 'बरोबर'च्या जागी 'घटक आहे'चे चिन्ह येते, बस्स. म्हणून 'समावेश'.

असला ढिला नियम हवाच कशाला? कॅरम बघा. सोंगटी पुढे जात असेल तर घर्षण तिला मागे ओढते, मागे जात असेल तर पुढे. सोयीसाठी त्वरण −1 आणि +1 धरू. सोंगटी थांबली की? तिथेही −1 लिहिले, तर थांबलेली सोंगटी आपण होऊन मागे सरकायला हवी. पण मागे सरकली रे सरकली की +1 तिला पुढे रेटणार. म्हणजे शून्य वेगापासून पुढे उकलच नाही, आणि पाटावरची सोंगटी तर निवांत बसलेली! वेग शून्य असताना −1 ते +1 हा अख्खा पट्टा मोकळा सोडला की त्यात 0 येतो आणि सोंगटी बसू शकते. रशियन गणितज्ञ फिलिपोव यांनी 1960 साली अशा, मधेच नियम तुटणाऱ्या समीकरणांना असाच अर्थ दिला. संच बहिर्वक्र हवा, म्हणजे त्यातल्या कुठल्याही दोन बिंदूंमधले सगळे बिंदूही त्यात हवेत, ही अट मधली फट अशी बुजवते.

'उकल' मुळात गाठीची. गुन्ह्याची उकल म्हणजे तपास संपला. अस्तित्वाच्या प्रमेयात मात्र गाठ न सोडवता ती सुटते एवढेच सिद्ध करतात. तेव्हा शीर्षकात 'अस्तित्व' राहू द्या, बोलताना 'उकल असतेच' म्हणा. 'उकल मिळते' नको, ती मिळालेली नसते.

आता 'आवेगी'. याने प्रणालीच तापट वाटते. स्ट्रायकर आदळला की सोंगटीची जागा तीच राहते, वेग मात्र एकदम बदलतो. आवेग तिच्यावर येतो. लांबलचक असले तरी 'आवेगयुक्त' बरे.

अशा अचानक बदलाला 'उडी' म्हणतात, मला 'टप्पा' आवडतो. चेंडूचाही टप्पा आणि कामाचाही. दोन आघातांमध्ये साधे समीकरण, आघाताच्या क्षणी वेगळा नियम, अशी उकल टप्प्याटप्प्यानेच जोडत नेतात. फक्त टप्प्यांची गर्दी होता कामा नये: प्रत्येक टप्प्याला चेंडूचा वेग निम्मा होतो असे धरले, तर गणितात मोजक्या सेकंदांत अनंत टप्पे पडून जातात आणि जोडकाम तिथेच अडते.