पाणी येणार नसेल, तर तेही सांग

प्रिय पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी पाहिला. "काकू, चार दिवस नळाला पाणी नाही. लोकांना काय तोंड दाखवू? फोनच बंद करून ठेवलाय." वाचून आधी राग आला, मग काळजी वाटली. दोन्ही लिहिते.

आधी फोन चालू कर आणि मग पुढचं वाच.

तू नगरसेविका आहेस, पाणी का आलं नाही हे तुला माहीत होतं. जॅकवेलवरची, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरची, मोटर जळाली, तार पुन्हा गुंडाळायला (रिवाइंडिंगला) गेली, आणि दुसरी जुनी मोटर उंच टाकी पूर्ण भरू शकत नाही. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यानं हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं, असं तूच लिहिलंयस. मग तुझ्या प्रभागातल्या एका तरी घराला ते कळलं का? खालच्या आळीतल्या बायका पहाटे चारला उठून नळाखाली हंडा लावून बसत होत्या. पाणी येईल, येईल म्हणत उजाडायचं. मोटर जळणं तुझ्या हातात नव्हतं, पण त्या बायकांची झोप तुझ्या हातात होती.

म्हणून एकच गोष्ट सांगते आणि पत्रभर तीच सांगत राहणार आहे. तुला कळलं की लोकांना कळव. काम झालं की कळव असं मी म्हणत नाही. तुला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी त्यांना कळव.

तू लिहितेस, "काहीतरी ठोस हाती आलं की सांगू, असं वाटलं." मी नगरसेविका असताना सभागृहात माझ्या शेजारी बसणाऱ्या कितीतरी चांगल्या माणसांच्या तोंडून हे ऐकलंय. ती माणसं कामसू होती, पैसे खाणारी नव्हती, आणि तरी लोक त्यांच्यावर वैतागलेले असायचे. नगरपरिषदेच्या कारभारात ठोस असं फार उशिरा हाती येतं. ठराव होतो, अंदाजपत्रक बनतं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, आणि मग कुठे खडी पडते. तेवढा सगळा काळ तू गप्प बसलीस तर लोकांच्या लेखी तू झोपलेली असतेस. त्यांची चूक नाही त्यात. त्यांना दिसतं ते एवढंच, की रस्ता अजून उखडलेलाच आहे.

त्यापेक्षा फाईल कोणत्या टेबलावर आहे ते सांग. "आपल्या गल्लीच्या गटाराचं अंदाजपत्रक तयार आहे, तांत्रिक मान्यतेला गेलंय, पुढच्या सोमवारी मी विचारून येते." एवढंच. सोमवारी विचारून ये, आणि काहीच हललं नसेल तर "हललं नाही" असं लिही. सोमवार चुकवलास तर मात्र आधीच्या सांगण्यालाही किंमत उरणार नाही.

मारुतीच्या देवळाजवळचा वार्ताफलक अजून आहे ना? चार वर्षं प्रशासक असताना त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांखेरीज काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. त्याला काळा रंग मारून घे. वरती पत्र्याची छोटी पडवी काढ, नाहीतर पावसात सगळं वाहून जातं. खडूनं मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहायच्या. काय झालंय, कोण काय करतंय, आणि पुढची खबर कधी मिळेल. तिसरी ओळ कधीही गाळू नकोस. "पुढची खबर संध्याकाळी सहा वाजता" असं लिहिलंस की माणूस दिवसभर आपल्या कामाला लागतो. सहाला काही नवीन नसलं तरी जाऊन लिही, "मोटर अजून आलेली नाही, उद्या सकाळी आठला पुन्हा सांगते."

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहेच की, म्हणशील. असू दे, त्यावर टाक. पण खालच्या आळीत घरातला एकुलता मोबाईल घेऊन नवरा सकाळी एमआयडीसीत जातो आणि पाणी भरते ती बायको. तिला कोण सांगणार? घंटागाडीवर भोंगा आहे, रोज तेच गाणं वाजवत फिरतो. आरोग्य विभागाला सांगून त्यावर दोन वाक्यं रेकॉर्ड करून घे. गाडी प्रत्येक दारापाशी थांबते आणि बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर येते, त्या क्षणी तिला कळलं पाहिजे. आणि ग्रुपवर "फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील" असं केलंयस, ते आजच्या आज काढ. लोक शिव्या देतील म्हणून तोंड बंद केलंस तर कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही हे तुला कोण सांगणार? व्हॉल्व्हमनला जे ठाऊक असतं ते अभियंत्याला नसतं, आणि गल्लीतल्या म्हातारीला जे ठाऊक असतं ते व्हॉल्व्हमनलाही नसतं.

आता फ्लेक्सचं. तुझ्याच प्रभागातल्या दुसऱ्या नगरसेवकानं "अथक प्रयत्नांतून" म्हणत चौकात फ्लेक्स लावला, मीही लावू का, असं विचारलंयस. नको. हा प्रश्न तू मला विचारावास याचंच वाईट वाटलं. परवानगी नसलेल्या फलकांबद्दल उच्च न्यायालयानं 2017 साली कडक निकाल दिलाय, ते एक. पण न्यायालय नसतं तरी मी नकोच म्हटलं असतं. फ्लेक्सवर तुझा चेहरा असतो, हात जोडलेले असतात, वर नेत्यांची रांग असते. रस्ता किती मीटरचा, किती रुपयांचा, ठेकेदार कोण, खराब झाला तर किती वर्षं त्यानंच दुरुस्त करायचा, यातलं काही असतं का? त्या रस्त्यावर पहिल्याच पावसात खड्डा पडला तर लोकांनी कुणाला जाब विचारायचा? दोष दायित्व कालावधी हा शब्द आपल्या गावात ठेकेदाराला पाठ असतो आणि ज्याच्या दारात रस्ता होतो त्याला माहीतही नसतो. तो फळ्यावर लिही, "या रस्त्याची जबाबदारी अमुक तारखेपर्यंत ठेकेदाराची." आणि ते काम खरोखर त्या दुसऱ्या नगरसेवकानं आणलं असेल तर त्याचं नाव तुझ्या हातानं लिही. तो वेगळ्या पक्षाचा असला म्हणून काय झालं, खबर ती खबर.

पैशाचंही सांगायचं. इथे बहुतेक जण कच खातात. "आमच्या गल्लीचा रस्ता का नाही?" असं विचारल्यावर "करू, करू" म्हणून सुटतात. खरं उत्तर बहुधा असं असतं, की वित्त आयोगाचे पैसे आलेत, पण पंधराव्या वित्त आयोगानं आपल्यासारख्या शहरांच्या निधीतली 60 टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिली. ती रस्त्याला वापरता येत नाही. रस्त्यासाठी राज्याच्या नगरोत्थान योजनेतून किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून मागावं लागतं, आणि तिथे यादी मोठी. माणसाला हे समजत नाही असं कोण म्हणतं? ज्या बाईनं बचतगटाचं खातं सांभाळलंय तिला बांधील निधी म्हणजे काय ते एका वाक्यात कळतं. तिला अडाणी समजून "करू" म्हणणं हा तिचा अपमान आहे. मला याची चीड अजूनही जात नाही.

आता एक प्रसंग सांगते. लोक तो माझ्याविरुद्ध सांगतात, म्हणून माझ्याकडून ऐक. माझ्या दुसऱ्या टर्ममध्ये पावसाच्या सुरुवातीला एका आळीतल्या नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. मी स्वतः जाऊन दोन घरांतलं पाणी काचेच्या पेल्यांत घेतलं. चौकाजवळच्या घरातलं नितळ, आतल्या घरातलं किंचित मातकट. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायची थेंबांची चाचणी, करायला लावली. पहिल्या पेल्यात थेंब पडल्याबरोबर पिवळा रंग आला. दुसऱ्यात थेंब पडले, हलवलं, वाट पाहिली, पाणी होतं तसंच. म्हणजे तिथे क्लोरीन पोचतच नव्हतं. नळाची जोडणी गटारातून गेली होती आणि बरोबर गटारातच गंजून फुटली होती.

मला सांगण्यात आलं, बोलू नका, घबराट होईल, दोन दिवसांत दुरुस्त करतो. मी त्याच संध्याकाळी फळ्यावर लिहिलं, "या आळीत पाणी उकळून प्या. जोडणी गटारात फुटली आहे." आणि घराघरात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेवर मोर्चा आला. माझ्याच पक्षातल्या ज्येष्ठांनी बोलावून सुनावलं, की तुम्ही आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडलीत. मी म्हटलं, आळीत लहान पोरं आहेत, कावीळ झाली तर अब्रू कुठे ठेवायची? मला दुसरं काही करता आलं असतं असं आजही वाटत नाही. दोन दिवस म्हणजे किती पेले पाणी, याचा हिशेब मला गप्प बसायला सांगणाऱ्यांनी केला होता का?

पुढच्या निवडणुकीत मी पडले. लोक म्हणतात, ताईंनी फळ्यावर नगरपरिषदेची लक्तरं टांगली म्हणून पडल्या. म्हणू देत. मी पडले त्याला पैसा होता, प्रभागाची मोडतोड होती, आणखीही बरंच होतं. आणि समजा फळ्यामुळेच पडले असेन, तरी त्या आळीतल्या एकाही घरानं "तुम्हाला माहीत होतं आणि आम्हाला सांगितलं नाहीत" असं मला कधी म्हटलेलं नाही. बाजारात जाते तेव्हा मान वर करून जाते. तुला हे समर्थन वाटेल. वाटू दे. एवढ्या वर्षांनी मला समर्थन करावंसं वाटतं ते याच एका गोष्टीचं.

खंत आहे ती वेगळीच आहे. आम्ही जे सांगत होतो ते फळ्यावर राहिलं आणि पुसलं गेलं. वहीत उतरवून ठेवायची सवय आमच्यातल्या कुणाला नव्हती. प्रशासकाच्या काळात एका गटाराबद्दल लोक भांडायला गेले, तेव्हा "असं काही ठरलंच नव्हतं" हे उत्तर ऐकून परत आले. तू रोज रात्री फळ्याचा फोटो काढ आणि तारखेनं ठेव.

आणि सभेत बोललेलं इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, येतंय का ते पाहा. विरोध केलास तर तो नोंदवून घे, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना वाचून बघ, आणि लोकांना सांग की मी या ठरावाला या कारणासाठी विरोध केला. 1880 साली व्हॉइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळायला पुण्यात जोतीराव फुल्यांनी एकट्यानं विरोध केला. आज आपल्याला ते ठाऊक आहे याचं कारण तो विरोध नुसता घरी बसून केलेला नव्हता. सभेत हात वर न करता बाहेर येऊन "माझा विरोधच होता" म्हणणारे तुला पुष्कळ भेटतील. तू त्यांच्यात जाऊ नकोस.

तू विचारलंयस, हे सगळं नियमात बसतं का, मुख्याधिकारी चिडतील का. अगं, नियम तुझ्याच बाजूचा आहे! 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम म्हणतं की कुणी मागायच्या आधीच कार्यालयानं माहिती जाहीर करावी. 2018 च्या शासन निर्णयानं दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना स्थानिक संस्थेतली कागदपत्रं पाहू द्यायची म्हटलंय. त्या वेळेला आळीतल्या दोघांना घेऊन जा. तू नुसती सोबत जा, फाईल त्यांना उघडू दे. आणि 2009 सालापासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे मतदारांनी एकत्र बसायचं आणि नगरसेवकानं त्यांच्यासमोर हिशेब मांडायचा. राज्यात ती फारशी कुठे होत नाही, कारण घ्यायचीच नसते. मुख्याधिकाऱ्यांना भांडून काही सांगू नकोस. फळ्यावर लिहायच्या आधी मजकूर त्यांना पाठव, "यात चूक असेल तर पाचपर्यंत कळवा" म्हण. मी तसंच करायची. चूक असली तर ते धावत कळवतात. परवानगी मात्र मागायची नाही.

चुकीची खबर गेली तर काय करू, हेही विचारलंयस. तर खाली लिही, "काल लिहिलं ते चुकीचं होतं, बरोबर असं आहे." लोक त्यावर रागावत नाहीत. ते रागावतात फोन बंद असल्यावर.

बाळा, तू हुशार आहेस, मनानं चांगली आहेस, हे मला ठाऊक नसतं तर एवढं लिहिलंच नसतं. पण चांगुलपणा घरात ठेवून उपयोग नाही. तुला कळलं की त्यांना कळव. रात्री दहाला कळलं तर रात्री दहाला.

आता तुझ्या पहिल्या क्षेत्रसभेचं. ती होळीच्या आधी घे, नंतर उन्हाळ्यात पाण्यावरून नुसती भांडणं होतात आणि कुणी ऐकून घेत नाही. अभियंत्याला बोलाव, पण बोलायला आधी तू उभी राहा. कामांची यादी निधीसकट मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लाव, झालेली, अडलेली आणि होणारच नसलेली अशी. होणारच नसलेली वरती. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेव, स्वयंपाकाच्या आधी. जागा समाजमंदिराचीच घे. शाळेत नको, शाळेच्या पायऱ्या चढून वरच्या हॉलमध्ये खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या येत नाहीत.

तुझी,
काकू