गणवेशही हवा आणि शस्त्रंही बनवायची आहेत

प्रश्न : मी सावंतवाडीला बारावी सायन्सला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ जहाजावरच्या तोफा जॉन डालग्रेन या नौदल अधिकाऱ्याने बनवल्या होत्या, असं वाचलं. मलाही नौदलात राहून असंच काम करायचंय. पप्पा म्हणतात, अधिकारी हो नाहीतर इंजिनिअर, एक काय ते ठरव. मला चष्मा आहे, चालेल का?

उत्तर : डालग्रेनचेही डोळे अधू होते, बरं का! किनाऱ्याच्या सर्वेक्षणात ते इतके बिघडले की काही काळ त्याला कामच करता येईना. १८४७ मध्ये त्याची नेमणूक वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात, म्हणजे नौदलाच्या गोदीत, तोफा-दारूगोळ्याच्या कामावर झाली. १८४९ मध्ये चाचणी चालू असताना एक तोफ फुटली आणि तोफची जागीच गेला. डालग्रेन तिथेच होता. दारूचा दाब सर्वांत जास्त कुठे येतो याचा हिशोब मांडून त्याने तोफेचा मागचा भाग जाडजूड केला आणि तोंडाकडे ती निमुळती ठेवली. सोड्याच्या बाटलीसारखी दिसते म्हणून लोक हसले, पण त्या तोफा टिकल्या.

मार्च १८६२ च्या लढाईत उत्तरेच्या ‘मॉनिटर’वर त्याच्या ११ इंची दोन तोफा होत्या. पण एका वेळी १५ पौंडांपेक्षा जास्त दारू भरायची नाही, असा हुकूम होता. समोरच्या ‘व्हर्जिनिया’ या दक्षिणेच्या चिलखती जहाजाचं कवच काही फुटलं नाही. पुढे चाचण्यांत दिसलं, ३० पौंडही चालले असते! युद्ध काही चाचण्या संपायची वाट बघत नाही. या कामातली खरी डोकेदुखी हीच.

पप्पांचा मुद्दा मात्र अगदीच चुकीचा नाही. डालग्रेनला समुद्रावरची सरदारकीही हवी होती. राष्ट्राध्यक्ष लिंकनची मर्जी होती, १८६३ मध्ये चार्ल्सटन या दक्षिणेच्या बंदरासमोरचं आरमार त्याच्या हाती आलं. आयुष्य यार्डात गेलेल्या माणसाला हे पद दिल्याने बरोबरीचे अधिकारी धुसफुसले. बंदर त्याच्या जहाजांना शेवटपर्यंत घेता आलं नाही. १८६५ मध्ये शहर रिकामं झालं ते उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेमुळे. माझ्या मते तो यार्डातच शोभत होता.

तुझ्यासाठी आपल्याकडे मधला रस्ता आहे. जेईई मेनच्या रँकवर नौदलाची १०+२ बी.टेक. कॅडेट एंट्री असते. पुढे एसएसबी (सैन्यदलांच्या निवड मंडळाची) मुलाखत, मग केरळात एळिमला इथल्या नौदल अकादमीत शिक्षण. इंजिनिअर झाल्यावर नेव्हल आर्मामेंट इन्स्पेक्शन शाखेचीही भरती निघते. दारूगोळा आणि क्षेपणास्त्रं तपासण्याचं काम, म्हणजे तुझ्या मनातल्या कामाच्या सर्वांत जवळचं. निव्वळ संशोधनच हवं असेल तर डीआरडीओ, म्हणजे सरकारची संरक्षण संशोधन संस्था: पाण्याखालच्या शस्त्रांसाठी विशाखापट्टणमची एनएसटीएल ही प्रयोगशाळा, तोफांसाठी पुण्यात पाषाणची एआरडीई ही प्रयोगशाळा. तिथे गणवेश नाही.

चष्म्याचे नियम शाखेप्रमाणे बदलतात आणि तांत्रिक शाखांना सहसा थोडी जास्त सूट असते. जाहिरातीतली मर्यादा बघ, नंबर नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घे आणि मगच फॉर्म भर.