स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. मग वाकवलेला हात सरळ कसा होतो?

हात सरळ करतो तो दंडाच्या मागचा स्नायू, ट्रायसेप्स. पुढचा बायसेप्स त्या वेळी सैल पडतो. स्नायूपेशीत मायोसिन आणि अ‍ॅक्टिन या दोन प्रथिनांचे तंतू असतात. मायोसिनच्या तंतूंवरची डोकी अ‍ॅक्टिनच्या तंतूंना धरून आत ओढतात. तंतू एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखूड होतो. तंतूंची स्वतःची लांबी मात्र तेवढीच राहते. हे १९५४ साली दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे मांडलं. उलट ढकलायची सोयच या रचनेत नाही, म्हणून कोपराच्या बिजागरीला पुढून आणि मागून ओढणारे वेगवेगळे स्नायू लागतात. एक अपवाद: हातात तोललेली भरली कळशी सावकाश खाली नेताना हात सरळ होतो तो कळशीच्या वजनाने. तेव्हा काम बायसेप्सच करतो, स्वतः लांबत जाताना जोर लावून तिला आवरून धरतो.