नोटीस कोणाच्या हातात गेली ते बघ

पोरा,

तुझा मेसेज वाचला, आगीच्या बंदोबस्ताच्या एका दिवसात अकरा नोटिसा बजावल्यास, चांगली गोष्ट आहे, पण मला सांग त्यातल्या किती जणांना कळलं की नेमकं काय करायचंय?

कायदा तुझा पाठ असणार, महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा, 2006 चा, कलम 3 मधे आगीच्या बंदोबस्ताची जबाबदारी मालकाचीही आहे आणि भोगवटादाराचीही, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याची, आणि कलम 6 खाली आपण नोटीस देतो. नोकरीच्या सुरुवातीला मी हे भोगवटादाराचं नीट मनावरच घेतलं नव्हतं. एका जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, नोटीस नागपुरात राहणाऱ्या मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोच आली, फाईलला लावली, झालं काम. आणि त्या सीझनला जिनिंग भाड्याने दुसराच माणूस चालवून राहिला होता, त्याला कागदाचा पत्ताच नाही. मार्चमधे रेच्याजवळ, सरकी काढायच्या यंत्राजवळ, ठिणगी पडली, कापसातून खडा आला असेल नाहीतर लोखंडाचा तुकडा, रुईचा ढीग पेटला आणि पाण्याची टाकी कोरडी. टाकी भरून ठेवा असं त्या नोटिशीत मीच लिहिलं होतं. एका मजूर बाईचे दोन्ही हात भाजले. दवाखान्याच्या ओट्यावर तो भाडेकरू मला म्हणाला, "साहेब, मले कोणी सांगतलं असतं तं टाकी भरली नसती का मी?" पोचपावती तेव्हा माझ्या बॅगेतच होती.

तेव्हापासून दोन प्रती, एक मालकाला, एक जो तिथे रोज कुलूप उघडतो त्याला. चौकीदाराचा अंगठा घेऊन परत येऊ नको.

मजकूर मोघम नको. "आवश्यक उपाययोजना करावी" वाचून कोणाला काय समजणार, त्यापेक्षा जिन्याखालच्या गाद्या हलवा, मागच्या दाराचं कुलूप काढा, आग विझवायचे चार सिलिंडर रिफिल करा, अमुक तारखेपर्यंत, असं लिही. आणि वाचून दाखव, मराठीत, त्याच्या शेजारी उभं राहून. मंगल कार्यालय असेल तर त्याला घेऊन मागच्या दारापर्यंत चालत जा, खुर्च्यांची थप्पी त्यालाच बाजूला करू दे, सिलिंडरचा काटा हिरव्याच्या खाली आहे ते त्याच्या बोटाने दाखव. जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीचा बी फॉर्म, म्हणजे आगीचा बंदोबस्त नीट असल्याचा दाखला, द्यावा लागतो हे अर्ध्या लोकांना खरंच माहीत नसतं, तेही तिथेच सांग.

घेतच नसेल तर आवाज चढवू नको, दोन पंच बोलव, दर्शनी दाराला चिकटव, फोटो काढ, पंचनाम्यात वेळ टाक. तपासणीच्या आधी तीन तासांची सूचना दिली होती ना तेही बघ, नाहीतर सगळं तिथेच अडतं.

आमच्याच मागे का लागले म्हणतील, कोणाचा तरी फोन येईल. मी तेव्हा भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्याचं सांगतो, 9 जानेवारी 2021 ची पहाट, नवजात बाळांच्या वॉर्डातली आग, 10 बाळं गेली. धमकी म्हणून नाही सांगत, मला स्वतःला ते विसरता येत नाही म्हणून सांगतो.

मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी परत जायचं. आणि त्या अकरापैकी जिथे भाडेकरू आहे तिथे उद्याच दुसरी प्रत घेऊन जा, बाजाराचा दिवस आहे, दुपारनंतर कोणी भेटत नाही, सकाळी निघ. पाण्याची बाटली ठेव सोबत, ऊन लय तापून राहिलं.