प्रवास : शंका-समाधान – मॉरिशसमध्ये गटासाठी कॅटमरान ठरवताना

मॉरिशसच्या समुद्रात कॅटमरानने, म्हणजे दोन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीने, करायच्या एका दिवसाच्या सहलीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरे एकमेकांना पूरक असल्यामुळे वाचकांनी ती सलग वाचावीत.

प्रश्न : आम्ही बँकेतून निवृत्त झालेले सहकारी सपत्नीक, असे २२ जण ऑगस्टमध्ये मॉरिशसला जात आहोत. सहा जण पासष्टीच्या पुढचे आहेत. इल-ओ-सेर बेटावर कॅटमरानने जाण्यासाठी एजंटाने दोन पर्याय दिले आहेत : माणशी तिकीट काढून इतर पर्यटकांबरोबर जाणे, किंवा सबंध बोट भाड्याने घेणे. कोणता परवडेल? (एक वाचक, ठाणे)

बँकेतल्या मंडळींना हिशेब समजावून सांगणे धाडसाचेच आहे, तरी सांगतो. सबंध बोटीचे भाडे बोटीवर ठरते, माणसांवर नाही. समजा, माणशी तिकीट २,००० आणि बोटीचे भाडे ५०,००० मॉरिशियन रुपये सांगितले आहे, तर २५ माणसे झाली की दोन्हींचा खर्च सारखा होतो. तुम्ही २२ जण असल्यामुळे एकूण ६,००० म्हणजे माणशी पावणेतीनशेच्या आसपास जास्त पडतील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्हाला मिळालेले आकडे त्याच जागी घालून पाहावेत. गट पंधराच्या खाली असेल तर सबंध बोट ही हौस ठरते आणि वीसच्या पुढे गेला की ती सोय ठरते, असे माझे मत आहे. तुमच्या गटात सहा ज्येष्ठ आहेत, म्हणून मी तुम्हाला सबंध बोटच घ्यायला सांगेन, कारण कधी थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि कुणाला बरे वाटेनासे झाले तर केव्हा परतायचे, हे ठरवणे मग तुमच्या हाती राहते. एक मात्र पाहावे. पत्रकात नुसते ‘रुपये’ लिहिलेले असले तर ते कोणते, हे आधी विचारावे. मॉरिशसचाही रुपयाच आहे आणि तो आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुपटीचा आहे.

तुम्ही न विचारलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे बेट कोणते. इल-ओ-सेर (याचा अर्थ ‘हरणांचे बेट’, पत्रकांत या नावाचे काय काय होते ते विचारू नये) पूर्व किनाऱ्यावर आहे आणि ऑगस्ट हा तिथला हिवाळा. जून ते सप्टेंबर या काळात आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे जोरात असतात आणि त्यांचा पहिला मारा पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर होतो. प्रवाळांच्या कड्यामुळे आतले पाणी, ज्याला तिथे सगळे ‘लगून’ म्हणतात, बऱ्यापैकी शांत राहते हे खरे. पण वाऱ्याला प्रवाळ अडवत नाही. त्रू-द’ओ-दूस गावाहून निघून ग्रां रिव्हिएर सुद-एस्त नदीच्या धबधब्याकडे जाताना बोट दक्षिणेकडे, म्हणजे जवळजवळ वाऱ्याच्या तोंडावर चालते. बोटीच्या पुढच्या टोकाला दोन सांगाड्यांमध्ये बसण्यासाठी ताणलेल्या जाळीवर बसलेल्यांच्या अंगावर तुषार नव्हे, तांब्याने ओतावे तसे पाणी येते. पंचविशीतल्या मंडळींना त्याची गंमत वाटते. सत्तरीच्या माणसाला ओल्या कपड्यांत, वाऱ्यावर, चार तास काढावे लागले तर ती गंमत राहत नाही.

त्यामुळे ऑगस्टमध्ये तुमच्यासाठी पश्चिम किनारा बरा. ब्लॅक रिव्हरहून निघून इल-ओ-बेनितिए या लांबट वालुकामय बेटापाशी नांगर टाकणाऱ्या बोटी मिळतात. पाठीशी डोंगर असल्यामुळे वारा बराच अडतो आणि समोर ल मॉर्नचा कडा दिसत राहतो. गुलामगिरीच्या काळात मालकांच्या तावडीतून निसटलेले लोक याच डोंगराच्या आश्रयाला राहत आणि म्हणूनच २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. सकाळी तामारँच्या उपसागरात डॉल्फिन दिसतात. मात्र दहा-दहा बोटी त्यांच्या मागे धावताना पाहणे मला तरी रुचत नाही. बोट तुमचीच आहे, तेव्हा दुरून पाहून पुढे जाऊ, असे स्किपरला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, खुशाल सांगावे. हॉटेल पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूला असेल तर पूर्व किनाऱ्यापर्यंतचा सकाळ-संध्याकाळचा लांबचा बसप्रवासही वाचतो.

आता बोटीत चढण्याविषयी, कारण या सहलीत ज्येष्ठांची खरी कसोटी तिथेच लागते. धक्क्यावरून सरळ बोटीत पाऊल ठेवता येईल, असे गृहीत धरू नये. अनेक ठिकाणी कॅटमरान खोल पाण्यात उभी असते आणि किनाऱ्यावरून छोट्या रबरी होडीने तिच्यापर्यंत नेतात. आमच्या गटातील एक मावशी नऊवारी नेसून आल्या होत्या. गुडघाभर पाण्यात उभे राहून, होडीच्या फुगीर काठावर बूड टेकवायचे आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे, हे दोन खलाशांनी हात धरून त्यांच्याकडून करवून घेतले. मावशींना जमले, पण खालचा ओचा दिवसभर वाळला नाही. बोटीवर पाऊल ठेवताच सगळ्यांच्या चपला एका टोपलीत जमा होतात आणि पुढे दिवसभर अनवाणी वावरायचे असते. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा मधुमेहामुळे ज्यांना पाय जपावे लागतात, त्यांना हे आधी सांगून ठेवावे. ‘चढणे धक्क्यावरून की होडीतून, आणि बेटावर उतरणे कसे?’ एवढा एकच प्रश्न एजंटाला लेखी विचारावा. त्याच्या उत्तरावरून त्याने ती बोट पाहिली आहे की नाही, हेही कळते.

प्रश्न : आमच्या गटातले निम्मे लोक शाकाहारी आहेत, त्यांत दोन जैन कुटुंबे. बोटीवर बार्बेक्यू असते असे ऐकले. शिवाय माझ्या आईला आंबा घाटातसुद्धा उलटी होते. तिला न्यावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

जेवणाची शेगडी बहुतेक बोटींवर मागच्या कठड्याला लावलेली असते आणि कोंबडी, मासे, सॉसेज हे सगळे एकाच जाळीवर भाजले जाते. शाकाहारी लोकांच्या वाट्याला पाव, कोशिंबीर आणि त्याच जाळीवर भाजलेल्या भाज्या येतात. सबंध बोट घेण्याचा एक मोठा फायदा येथे मिळतो, कारण जेवण ठरवून घेता येते. शाकाहारी जेवण किनाऱ्यावरूनच डब्यात भरून आणावे, जाळीवर काही करू नये, असे सांगितले की प्रश्न मिटतो. तिथल्या लोकांना हे नवीन नाही. लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य आहेत, मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ‘व्हेज’ या शब्दाला मात्र भुलू नये. कांदा, लसूण, बटाटा, अंडे यांची नावे घेऊन काय चालत नाही ते स्पष्ट लिहून द्यावे आणि जैन मंडळींनी खाखरा जवळ ठेवावाच.

आईंविषयी. कॅटमरानला शेजारीशेजारी दोन सांगाडे असतात, त्यामुळे ती एका अंगावर कलत नाही, हे खरे. (हा शब्द मुळात तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकत्र बांधून जो तराफा करत, त्याचे हे नाव इंग्रजांमार्फत भलत्याच बांधणीच्या बोटीला चिकटले.) परंतु कलत नाही म्हणजे हलत नाही, असे नव्हे. लाट तिरकी आली की तिला आखूड, तुटक झटके बसतात आणि घाटातल्या वळणांचा ज्यांना त्रास होतो, त्यांना याचाही होतो. लगूनच्या आतल्या सहलीला आईंना अवश्य न्यावे. खुल्या समुद्रातून जाणाऱ्या उत्तरेकडच्या बेटांवर नेऊ नये. त्यांना मागच्या बाजूला, डोलकाठीच्या मागे मध्यावर, छपराच्या सावलीत बसवावे. तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. सर्वांत पुढची जाळी फोटोत छान दिसते, पण हेलकाव्यालाही तीच पहिली. उपाशीपोटी निघू नये, तसेच हॉटेलचा फुकट नाश्ता म्हणून पोटाला तडस लागेपर्यंतही खाऊ नये. नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलवर नव्हे. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्यापूर्वी तासभर घेतली तरच उपयोगी पडते, उलटी सुरू झाल्यावर नाही. मात्र तिच्यामुळे झोप येते आणि इतर औषधांबरोबर ती चालेल का, हे आईंच्या डॉक्टरांना येथूनच विचारून जावे. आलेपाकाच्या चार वड्या पदराला असल्या तर त्यांचे कुणाला वावडे नसते.

प्रश्न : पुण्यातील एका एजंटाने ‘प्रायव्हेट कॅटमरान’ स्वस्तात देऊ केली आहे, पण तो सर्व पैसे आगाऊ मागतो. हवामान बिघडले तर काय? आम्ही जानेवारीत जाणार आहोत. (एक वाचक, पुणे)

‘प्रायव्हेट’ हा शब्द फार सैल झाला आहे. माझ्या स्वतःच्या एका सहलीत प्रायव्हेट म्हणून ठरवलेल्या बोटीवर आम्ही पोचलो तेव्हा दुसरे एक आठ जणांचे कुटुंब आधीच सावलीच्या जागा धरून बसले होते. एजंटाचे म्हणणे असे की, त्याने प्रायव्हेट म्हटले होते, ‘फक्त तुमचीच’ असे म्हटले नव्हते! तेव्हापासून मी ‘आमच्या गटाव्यतिरिक्त एकही प्रवासी बोटीवर नसेल’ हे वाक्य मराठीत विचार करून इंग्रजीत लिहून घेतो.

सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. बोट अडकवून ठेवण्यासाठी काही भाग देणे रास्त आहे. उरलेली रक्कम बोटीवर चढण्याच्या दिवशी द्यावी. जानेवारीत वारा पूर्व किनाऱ्यावरही तुलनेने सौम्य असतो आणि पाणी उबदार असते, पण नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम आहे. वादळ जवळ येऊ लागले की मॉरिशसचे हवामान खाते १ ते ४ अशा चढत्या श्रेणीचे इशारे देते. वादळ नसतानाही उंच लाटांचा इशारा देऊन समुद्रावर जाऊ नये असे सांगते. म्हणून करारात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. अधिकृत इशाऱ्यामुळे किंवा स्किपरच्या निर्णयामुळे सहल रद्द झाली तर दुसरा दिवस किंवा सर्व पैसे परत, आणि तुम्ही रद्द केलीत तर किती कापले जातील. नुसता पाऊस पडला म्हणून सहल रद्द होत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, हे लक्षात ठेवावे. शक्यतो ही सहल मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी, म्हणजे पुढे ढकलायला दिवस उरतात. शेवटच्या दिवशी ठेवणाऱ्याला ही सोय राहत नाही.

स्वस्ताईचे कारण बोटीच्या परवान्यात शोधावे. तिथे पर्यटकांच्या बोटींना आणि त्या चालवणाऱ्या स्किपरलाही टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक, मंजूर प्रवासीसंख्या, आणि लहान मुले त्या संख्येत धरली आहेत का, हे विचारावे. लाइफ जॅकेट माणशी एक आहे, मुलांच्या मापाचीही आहेत, हे निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. पेटीत आहेत, असे सांगितले तर पेटी उघडायला लावावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला मुंबई बंदरात जो अपघात झाला, त्यानंतर हे मागताना कुणी संकोच करण्याचे कारण नाही. आपल्यापैकी बहुतेकांना पोहता येत नाही. मुखवटा लावून मासे पाहायला उतरतानाही जॅकेट अंगावर ठेवावे आणि बीअर किंवा रम जेवणाबरोबर, म्हणजे पाण्यातून वर आल्यानंतर घ्यावी. धबधब्यापर्यंत कॅटमरान जात नाही, वेगळ्या स्पीडबोटीने नेतात. तिचे पैसे धरलेले आहेत का, हेही त्याच पत्रात विचारून टाकावे.

प्रश्न : एजंटाने उत्तरेकडच्या गॅब्रिएल बेटाचाही पर्याय दिला आहे. तिथे पोहण्याखेरीज काही आहे का? आम्ही सर्व तरुण आहोत आणि नोव्हेंबरमध्ये जाणार आहोत. (एक वाचक, नागपूर)

आहे, आणि ते कोणत्याही पत्रकात लिहिलेले नसते. ग्रां-बे गावाहून निघालेली बोट क्वां-द-मीरच्या उंच कड्याखालून जाते. ते बेट राखीव आहे, तिथे उतरायचे नसते, पण लांब शेपटीचे पांढरे पक्षी कड्याभोवती घिरट्या घालताना बोटीतूनच दिसतात. पुढची खाडी खुल्या समुद्राची आहे आणि तुम्ही तरुण आहात, म्हणून हरकत नाही. नोव्हेंबरमध्ये वाराही उतरणीला लागलेला असतो.

गॅब्रिएल आणि शेजारचे फ्लॅट बेट ही एकेकाळची विलगीकरणाची बेटे होत. १८३४ पासून गिरमिटिया मजूर मॉरिशसला जाऊ लागले. रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही मुंबई बंदरातून गेली. जहाजावर साथ आढळली की माणसांना मुख्य भूमीवर उतरू देत नसत. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी आढळली, म्हणून त्यांवरील मजुरांना गॅब्रिएल बेटावर उतरवले आणि निवारा व पाणी यांची धड सोय नसलेल्या त्या जागी दोनशेहून अधिक माणसे दगावली. आज बोटी जिथे नांगर टाकतात आणि पांढऱ्या वाळूवर चटया पसरतात, तेच हे बेट. समोर फ्लॅट बेटावर १८५५ चा दीपस्तंभ अजून उभा आहे.

दोन बेटांमधल्या पट्ट्यात प्रवाह जोराचा असतो. दीपस्तंभ हाकेच्या अंतरावर दिसला तरी त्या पट्ट्यात पोहत जाऊ नये आणि पाण्यात कुठपर्यंत जायचे, ती हद्द उतरण्यापूर्वी स्किपरला हाताने दाखवायला सांगावी.