‘मी फक्त पुढे पाठवलं’

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. बंदी असलेल्या एका संघटनेचे व्हिडिओ त्याला टेलिग्रामवर येतात आणि तो ते मित्रांच्या ग्रुपवर टाकतो, हे परवा कळलं. विचारलं तर म्हणतो, ‘मी फक्त पुढे पाठवलं, मी कुठे काय केलं?’ त्याचे काका म्हणतात, सगळं डिलीट कर आणि गप्प बस. नुसतं पाठवण्यावरून केस होते का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, होते. डिसेंबर २०१४ मध्ये बंगळूरला एका तरुणाला अटक झाली. दिवसा तो एका मोठ्या कंपनीत नोकरी करायचा आणि ‘शमी विटनेस’ या नावाने ट्विटरवर इसिसचा प्रचार करायचा. साडेसतरा हजारांहून जास्त फॉलोअर होते. ब्रिटनच्या चॅनेल फोरने त्याला शोधून काढलं आणि दोन दिवसांत बंगळूर पोलीस त्याच्या दारात होते. तो कधी सीरियाला गेला नव्हता, त्याने बंदूक हातात धरली नव्हती. तरी त्याच्यावर खटला भरला गेला, आणि तो भरायलाच हवा होता असं मी बचाव पक्षाची वकील असूनही म्हणते. शिरच्छेदाचे व्हिडिओ काढणारे मूठभर असतात. त्यांची दहशत घराघरांत पोचते ती असं घरबसल्या काम करणाऱ्यांमुळे.

पण तुमच्या मुलाला त्याच्या रांगेत उभं करण्याआधी कायदा काय विचारतो ते बघा. यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ३९ खाली दहशतवादी संघटनेला पाठिंबा दिल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र त्या संघटनेचं काम पुढे नेण्याचा हेतू दिसायला हवा. केरळमधल्या दोन विद्यार्थ्यांकडे माओवादी साहित्य सापडलं होतं. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हेच सांगितलं : नुसता संबंध किंवा नुसता पाठिंबा पुरेसा नाही, हेतू लागतो. त्याआधी २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करताना न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी वेगवेगळ्या मानल्या होत्या. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती, आठवत असेल. ते हेच कलम.

हेतू शोधतात कुठे, तर चॅटच्या प्रिंटआउटमध्ये. अशी पानं माझ्या टेबलावर येतात तेव्हा मी व्हिडिओच्या आधी त्याखालची ओळ वाचते. एकाने लिहिलेलं असतं, ‘बघवत नाही रे, काय माणसं आहेत ही.’ दुसऱ्याने तोच व्हिडिओ टाकून लिहिलेलं असतं, ‘आपणही तयार राहायला हवं.’ फाइल तीच, पण माझ्या दृष्टीने खटले दोन. आणि काहीच न लिहिता एखादा रोज रात्री तेच तेच पाठवत असेल, तर सरकारी वकील त्या सातत्यावरच बोट ठेवणार. तुमच्या मुलाने खाली काय लिहिलं, कोणाला पाठवलं, कितीदा पाठवलं, हे आज त्याच्याशेजारी बसून बघा. ग्रुपचा अ‍ॅडमिन तो असेल, तर इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून तो दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तसं म्हटलं आहे. स्वतः टाकलेल्याचं उत्तर मात्र त्यालाच द्यावं लागेल.

माझी खरी चिंता शिक्षेची नाही, जामिनाची आहे. यूएपीएच्या कलम ४३ड(५) मुळे, आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन अडतो. एल्गार परिषद प्रकरणात माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून कार्यकर्ते व्हर्नन गोन्साल्विस ऑगस्ट २०१८ मध्ये पकडले गेले. नुसतं साहित्य बाळगणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला तो जुलै २०२३ मध्ये. पाच वर्षं, आणि खटला उभा राहिला नव्हता. प्रचार पसरवणाऱ्यावर खटला जरूर भरा, पण तो लवकर चालवा. विशीतल्या पोराची पाच वर्षं कुठलंच न्यायालय भरून देत नाही, आणि तुरुंगात त्याला भेटणारी माणसं त्याला त्या चॅनेलपेक्षा चांगलं शिकवतील याची खात्री नाही.

काकांच्या सल्ल्याबद्दल. चॅनेल सोडणं, पाठवणं आजपासून बंद करणं, हे लगेच व्हायला हवं. पण पोलिसांची नोटीस आली असेल, किंवा ग्रुपमधल्या कोणाची चौकशी सुरू झाल्याचं कानावर आलं असेल, तर फोनला हात लावू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि डिलीट केलेलं फॉरेन्सिक प्रयोगशाळेत पुष्कळदा परत सापडतं. मग ‘लपवलं का?’ हा प्रश्न मूळ व्हिडिओपेक्षा जड जातो. फोन जप्त झाला तर पंचनाम्याची प्रत आणि हॅश व्हॅल्यूची (फोनमधल्या माहितीत नंतर फेरफार झाला का, हे दाखवणाऱ्या आकड्याची) नोंद मागून घ्या. जप्तीचं चित्रीकरण करणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

नोटीस आली नसेल तर फौजदारी वकिलाला भेटा, आणि त्याच आठवड्यात समुपदेशकालाही. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानेही अटक न करता समुपदेशनाने तरुणांना मागे वळवलेलं आहे. पण पथकाकडे जाताना वकील बरोबर असू द्या. आणि मुलाला रागावण्याआधी एक विचारा : हे व्हिडिओ त्याला पहिल्यांदा कोणी पाठवले?